मरळीच्या जखमेत विष न्हाई

रत्नागिरी, ११ जानेवारी १९९४

अण्णा,
तुमच्या बेबीनंदाचा तुम्हाला आणि आईला कडक जयभीम.

मी बरी हाय, जेवण बराबर मिळतं. आईला सांगा, तिनं मीठ लावून पाठवलेल्या मरळी वाया गेल्या. खारवलेला मासा तपासणीला चालत न्हाई. भुजंगदादानं मी दिलेल्या औषधात बुडवून तुकडे आणले, ते कामी आले.

तुम्ही फवारणीचा पंप तळ्यात धुतला म्हणून मासे मेले, असं तळ्याचा ठेका घेतलेले सर्जेराव गावभर सांगून राह्यलेत. तुम्ही धुतला न्हाई, हे मला ठाऊक हाय. पण लेकीचा शब्द कोण धरतो? म्हणून मरळीचं मांस कॉलेजातल्या मायक्रोस्कोपखाली बघितलं. जखमेत खोलवर बुरशीचे तंतू हायेत. हा थंडीतला रोग हाय. विषानं बेडूक, गोगलगायी, सगळंच एकदम मेलं असतं. तिथं तर महिनाभर नुसते मासेच सडले.

सर म्हणले, गावच्या भांडणात पडू नको. मी म्हणलं, भांडण माझ्या बापाचं हाय, सर. मंग त्यांनी माझ्या अहवालावर सही केली.

आई धुणं घेऊन तळ्यावर जाते का, का अजून अडवतात? लपवू नका.

वाद मिटावा म्हणून रविवारच्या बैठकीत तुम्ही माफी मागणार, असं दादा म्हणला. बिलकुल मागायची न्हाई. सोबतचा अहवाल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. कागद दोन्ही हातांनी धरा अण्णा, म्हणजे जोडायला हात मोकळे राहणार न्हाईत.

तुमचीच,
बेबीनंदा