माळ्यावरच्या बाटल्या

॥ श्री शंभू महादेव प्रसन्न ॥

दिंद्रुड,
दि. १० जानेवारी १९९९

तीर्थरूप सौ. शिवकांताअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. एसटीडीच्या काचेच्या खोलीत ओरडून बोलणं तुला आवडत नाही आणि बाहेर थांबलेली माणसं ऐकतात म्हणून मलाही संकोच वाटतो, तेव्हा लिहूनच कळवतो. इकडे सर्व खुशाल. दुकानात कोलाच्या कंपनीनं फ्रीज दिला आहे. गिऱ्हाईक कमी आणि त्याच्या दाराशी गारवा घेणारे जास्त, अशी गत आहे. बागेत द्राक्षांचे मणी फुगायला लागले आहेत.

माझ्या रुद्राणीसाठी मांजरसुंब्याच्या रेवणप्पांचं स्थळ तू आणलंस. त्यांचा मुलगा बसवेश्वर आम्हा सर्वांना पसंत आहे. रुद्राणीलाही असावा, कारण त्याचं नाव निघालं की ती आत जाते आणि दाराआड उभी राहून ऐकते. मग मी पाहुण्यांना दिवस का देत नाही, असं तू रागानं विचारलं आहेस. आमच्या माहेरी कोणी दारूला शिवत नाही, असा शब्द तू रेवणप्पांना दिला आहेस. त्या शब्दावरच त्यांनी बोलणं पुढं नेलं. माझं घोडं तिथंच अडलं आहे.

अक्का, काही वर्षांमागे द्राक्षांचा नमुना घेऊन मी पुण्याकडच्या एका वाईनच्या कारखान्यात गेलो होतो. आपली खायची द्राक्षं त्यांच्या कामाची नव्हती. पण मी गूळ वासावरून खरेदी करतो हे ऐकून तिथल्या म्हाताऱ्या साहेबांनी एक पेला माझ्या हातात दिला. ते स्वतः दिवसभर घोट तोंडात घोळवायचे आणि मोरीत थुंकायचे. गिळलं की पारख जाते, असं ते म्हणाले. मी नाक लावलं. आधी पिकल्या जांभळाचा वास आला, मग ओल्या सागवानाचा आणि अगदी शेवटी नुकत्याच कुटलेल्या मिऱ्यांचा. इतकी वर्षं द्राक्षं पिकवली, पण त्या एवढ्याशा फळात हे सारं दडलेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. महादेवाच्या कारागिरीपुढं मी हात जोडले, खोटं नाही सांगत.

तेव्हापासून अधूनमधून एखादी बाटली आणतो. दुपारी दुकान बंद असलं की दुकानाच्या माळ्यावर बसून चाखतो आणि थुंकतो. गळ्यातल्या लिंगाला अर्पण करता येत नाही ते पोटात जाऊ द्यायचं नाही, ही आपल्या अप्पांची शिकवण मी मोडलेली नाही. तरी गावाला हे कोण समजावणार? तुझ्या भावजयीला, कावेरीला, मी ‘नाशिककडचा द्राक्षाचा रस’ एवढंच सांगितलं आहे. रेवणप्पांना आधी सांगून टाकावं, असं मनात येतं. पण शब्द तुझा आहे, म्हणून तुला विचारतो.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझा,
विश्वेश्वर

*

॥ श्री ॥

गेवराई,
दि. १६ जानेवारी १९९९

चि. विश्वेश्वर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातलं पीठ तसंच राहिलं. गळ्यात लिंग बांधणारा माझा भाऊ पन्नाशीला टेकल्यावर माळ्यावर बसून वाईन चाखतो! आणि वरून म्हणतो थुंकतो! अरे विश्वा, थुंकायचंच हाय तर तोंडात घेतोस कावून? आमच्या गल्लीतला पंडित कंपाउंडरही पहिल्यांदा हेच सांगायचा, की दात दुखतो म्हणून नुसती चूळ भरतो. आता त्याची बायको त्याला रोज स्टँडवरून उचलून आणते.

तू तसा न्हाईस, हे मला कळतं. पण रेवणप्पांना कळायला ते तुझ्याबरोबर लहानाचे मोठे झाले न्हाईत. मांजरसुंब्याच्या चौकात त्यांचं ट्रकचं ऑफिस आहे. पिणारा ड्रायव्हर ते दारात उभा करत न्हाईत. लई कडक माणूस. तुझी जांभळं आणि मिरे ऐकायला ते थांबायचे न्हाईत, चपला घालून चालायला लागतील. मग रुद्राणीनं काय करायचं? एकदा मोडलेलं स्थळ दहा गावांत कारण सांगत फिरतं, हे तुला ठाऊक आहे.

तेव्हा माझं ऐक. असतील नसतील तेवढ्या बाटल्या ओतून दे आणि कोणापाशी अक्षर बोलू नको. पाहुण्यांना मी एकतीस तारीख कळवली आहे, रविवार आहे. तुझ्या दाजींना यातलं काही सांगितलेलं न्हाई. त्यांना गुडघेदुखी पुरे आहे.

कावेरीला म्हणावं पुरणात जायफळ जास्त घालू नको. मुलांना आशीर्वाद. माझा राग लवकर उतरतो, हे तुला माहीत आहेच.

तुझी,
अक्का

*

॥ श्री शंभू महादेव प्रसन्न ॥

दिंद्रुड,
दि. १ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काल पाहुणे येऊन गेले. आधी हे वाच, की सगळं नीट झालं. आता बसून पुढचं वाच.

तू सांगितलंस तरी बाटल्या ओतायला माझा हात धजला नाही. गुळाच्या गाड्यांवरचे हमाल सध्या रोज माळ्यावर चढतात, म्हणून त्या कागदात गुंडाळून घरी आणल्या आणि स्वयंपाकघरात खालच्या फळीवर ठेवल्या. काल सकाळी निरोप म्हणून एक उघडली, वास घेतला आणि बूच लावून परत ठेवली. पाहुणे गेले की ओतणार होतो.

रेवणप्पा, विमलबाई आणि बसवेश्वर आले. मी कोला आणायला सांगितलं होतं. कावेरीला ते पटलं नाही. कोला काय, आता टपरीवरही मिळतो, असं तिचं म्हणणं. घरातली सर्वांत चांगली वस्तू व्याह्यांपुढं ठेवावी म्हणून तिनं तो ‘नाशिककडचा रस’ काढला, त्यात भरपूर साखर आणि माठाचं पाणी घातलं, वर वेलदोडा टाकला आणि स्टीलच्या पेल्यांतून सरबत म्हणून बाहेर पाठवलं. ताटातले पेले पाहून मी उठेपर्यंत रेवणप्पांनी घोट घेतला होता.

विमलबाईंनी पेला नाकापाशी नेला आणि तसाच खाली ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. रेवणप्पा तोंड मिटून बसले. मग उठले, अंगणातल्या मोरीपाशी गेले आणि थुंकले. बसवेश्वरनं पेला उचललाच नाही. पाहुण्यानं सरबत थुंकलं म्हणून कावेरीच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराआडची बांगड्यांची किणकिण थांबली. मला वाटलं, पोरीचं लग्न आपल्या हातानं त्या मोरीत गेलं.

मी हात जोडून त्यांच्यामागं अंगणात गेलो. चूक माझी आहे, घरच्यांना यातलं काही ठाऊक नाही, आणि अक्कानंही शब्द दिला तेव्हा तिला हे माहीत नव्हतं, असं सांगून टाकलं. ते ऐकून घेत होते. चेहरा तसाच कडक. मग खाली वाकून हळूच मला विचारलं, की एवढ्या चांगल्या मालात साखर कोणत्या दुष्मनानं घातली?

अक्का, मग त्यांनीच सगळं सांगितलं.

त्यांचे ट्रक नाशिककडून हैदराबादला वाईनची खोकी नेतात. वाटेत उन्हानं माल बिघडला की नाही, हे उतरवताना चाखून सांगावं लागतं. कारखान्याच्या माणसानं त्यांना ते शिकवलं. त्यांच्याही गळ्यात लिंग आहे, म्हणून त्यांनीही थुंकायचंच ठरवलं. घरी विमलबाई नुसत्या वासावर बूच खराब झालं की नाही ते ओळखतात, आणि त्यांचं म्हणणं, ह्यांच्यापेक्षा माझं नाक तेज हाय, पण ट्रकवर माझं नाव कोण लिहिणार? आपण काही लोकांना सांगत न्हाई, सांगितलं तर कोणाला पटणार, असंही त्या म्हणाल्या.

मग आम्ही तिघं स्वयंपाकघरात खालच्या फळीपाशी मांडी घालून बसलो. उरलेली बाटली बिनसाखरेची, नुसता वास घ्यायला, हातोहात फिरली. मला जांभूळ येत होतं, रेवणप्पांना भिजवलेले मनुके, आणि विमलबाई दोघांनाही वेड्यात काढत होत्या, की हा चिंचेच्या पाल्याचा वास आहे. मी पुन्हा नाक लावलं. अक्का, त्यांचं खरं होतं. इतके दिवस मी एकटाच वास घेत होतो, म्हणून तो मला सापडला नव्हता.

शेवटी धीर करून मी तुझ्या शब्दाचं विचारलं. रेवणप्पा म्हणाले, हमरस्त्यावर पिणारा रोज पाहतो म्हणून तो शब्द आम्ही मागतो. इथं पिणारं कोणी न्हाई, अक्कांचा शब्द खरा हाय, तिथी काढा. चैत्रात लग्न ठरलं. रुद्राणीनं पाया पडताना वर पाहिलं नाही, पण हसू लपत नव्हतं. तू आणि दाजी साखरपुड्याला आधी या.

आज सकाळी पूजेला बसलो. लिंग तळहातावर घेतलं आणि डोळे मिटायच्या आधी कितीतरी वेळ सरळ पाहत राहिलो.

तुझ्या मायेची आस असणारा,
विश्वेश्वर

*

॥ श्री ॥

गेवराई,
दि. ७ फेब्रुवारी १९९९

चि. विश्वेश्वर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र उभ्यानंच वाचलं. मग तुझ्या दाजींना सगळं सांगितलं. ते गुडघा विसरून हसले. रेवणप्पा अंगणात थुंकतात कसे, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. साखरपुड्याला आम्ही दोन दिवस आधी येतो. तोवर दोन्ही व्याह्यांनी मोरीपाशी शहाण्यासारखं वागावं. भावकी बघायला येईल.

एक गोष्ट मनात हाय ती लिहिते. शब्द माझा होता, आणि तो राखायला मी तुला लपवायला सांगितलं. तू सांगून मोकळं व्हावं म्हणत होतास. कावेरीनं अजाणता ते पाहुण्यांपुढं मांडलं, म्हणून आपली पोरगी सासरी मान वर करून जाईल. न्हाईतर ती नांदत असती आणि आपण दोघं इकडं प्रत्येक पत्राला घाबरत राहिलो असतो. आता मला लई दिवसांनी झोप लागते.

कावेरी अजून सरबताचं मनाला लावून घेत असेल. तिला रागावू नको. तिनं घरातलं उत्तम तेच दिलं. आणि तिला रस म्हणून सांगितलंस ती लबाडी तुझी. तेव्हा आता एक बाटली उघड, माळ्यावर न्हाई, ओसरीवर, आणि पहिला पेला तिच्या हातात दे. वास घेऊन ती काय म्हणते, ते मला लगेच कळव.

पोरांना गोड पापा, आणि तुझ्यावरचा जीव आहे तेवढाच,
अक्का