कॅप्टन सिल्वी

हॅन्कॉक, ६ ऑक्टोबर

चि. आर्वोस अनेक आशीर्वाद. साठी उलटली तरी धाकटा तो धाकटाच, तेव्हा निमूट घे.

गुडघा झकास आहे. जुना कुरकुरायचा, हा नवा गप्प असतो. माझ्या घरच्या जिन्यापेक्षा तुझं बैठं घर बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते खरंच. शेजारची ऐनी रोज वेलचीचा पाव आणते आणि अर्धा स्वतःच खाऊन जाते. फोनवर तू ‘हं’च्या पुढे जात नाहीस, म्हणून हे पत्र तुमच्या मालबोटीला वाटेत टपाल पोचवणाऱ्या डेट्रॉइटच्या टपालहोडीकडे धाडतेय.

तर, विणून विणून कंटाळले आणि तुझा तो अंतराळाचा खेळ लावला. अरे, काय छळ आहे हा! खेळातल्या माझ्या बाईला धड चालताच येईना. ऐनी म्हणाली, हिचाही गुडघा बदललाय वाटतं. मागाहून कळलं, दिसेल तो पेला, दिसेल ती कात्री मी पिशवीत कोंबत होते आणि त्या ओझ्यानं ती धापा टाकत होती. मग एका खानावळीतला कप उचलला, तर पहारेकऱ्यानं थेट तुरुंगात टाकलं. मला! जिला जन्मात कधी पार्किंगचा दंड झाला नाही! आणि एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायचं म्हटलं, की पडद्यावर नुसतं चक्र गोल गोल फिरत बसतं. तेवढ्यात माझी कॉफी उकळून होते.

लोभ असू दे, आणि पायात लोकरीचे मोजेही असू देत.

तुझी,
हेल्मी

*

बोटीवरून, १५ ऑक्टोबर

ती. हेल्मीस साष्टांग नमस्कार. बोट इतकी डुलतेय, की साष्टांग आपोआपच घडतो आहे.

तुझं पत्र जेवणघरात मोठ्यानं वाचून दाखवलं. मंडळी इतकी हसली, की माझ्या करपलेल्या बटाट्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जास्तीचं सामान यानाच्या कोठारात टाकत जा. आणि पहारेकरी बघत असताना कप उचलू नये, हे आईनं तुला शिकवलं नव्हतं का?

एकच विनवणी. तुझा खेळ वेगळा सेव्ह कर. यादीत सगळ्यात वर आहे तो सिल्वीचा, त्याला हात लावू नकोस. आमचा संसार अर्धा टाकून ती वारली त्या हिवाळ्यात बोट बंदरात, मी घरात, आणि करायला काही नाही. तेव्हा बसून बसून खेळातल्या माझ्या कॅप्टनला तिचा चेहरा दिला. तेव्हापासून दर हिवाळ्यात तिला घेऊन तारे फिरतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तूही ऐनीला सांगू नकोस.

कृपा आहेच. पाव अर्धा तरी तुझ्या वाट्याला येवो.

तुझा,
आर्वो

*

हॅन्कॉक, २७ ऑक्टोबर

चि. आर्वोस आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. अगदी ठीक. पहिला बर्फ भुरभुरला. काल एका ओसाड ग्रहावर उतरले. समोर डोंगर, आणि डोंगरामागून कडं असलेला भलामोठा ग्रह वर येत होता. हातातली कॉफी गार झाली तरी कळलं नाही. तू दर हिवाळ्यात दिवाणखान्यात काय करत बसतोस, ते मला आज समजलं.

सहज आठवलं म्हणून विचारते. सिल्वीचे डोळे नक्की कसे रे? हिरवट, की राखाडी? हनुवटीवर खळी होती का? आणि तुझ्या त्या यानाचं नाव काय होतं? म्हणजे, आहे?

लोभ असावा. कसाही असला तरी असावा.

तुझी,
हेल्मी

*

बोटीवरून, ६ नोव्हेंबर

हेल्मी, घाईत हे कार्ड. वारा फार, भांडी बांधून ठेवली आहेत. डोळे राखाडी. खळी नव्हती. पण ‘होतं, म्हणजे, आहे’ हे काय प्रकरण आहे? खरं सांग.

आर्वो

*

हॅन्कॉक, १४ नोव्हेंबर

आर्वो,

मायना लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच घडलं. खेळ सेव्ह करताना त्यानं विचारलं, सगळ्यात वरचा पुसून त्या जागी करू का? माझ्या नाकावर विणकामाचा चष्मा. मी ‘हो’ दाबलं. सिल्वी गेली. दुसऱ्या दिवशी तुझी विनवणी वाचली.

तेव्हापासून तिला पुन्हा घडवतेय. तू यायच्या आत तुझ्याइतकंच पुढं जायचं, असं ठरवलं होतं. लढाईत तर मी दर वेळी मरते. पण चेहरा त्याहून अवघड. नाक जमलं तर गाल बिघडतात. ऐनी म्हणते, हा आपला पोस्टमास्तर दिसतो. काल ओठांशी झगडत होते आणि एकदम आठवलं. आपण कालव्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत होतो, तिच्या गळाला तिचाच हातमोजा अडकला, आणि ती हसत हसत बर्फावर फतकल मारून बसली. ते हसू काही बटणांनी येईना. मग मी यंत्र बंद केलं आणि पोटभर रडून घेतलं.

तू यायच्या आधी माझ्या घरी जाईन म्हणतेय. रागाव, पण कळव.

हेल्मी

*

बोटीवरून, २५ नोव्हेंबर

ती. हेल्मीस सा. न. वि. वि.

पत्र घेऊन मागच्या डेकवर जाऊन उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. त्या दिवशी सुपात मीठ दोनदा पडलं.

पण आता तूही ऐक. तो चेहरा सिल्वीचा कधी झालाच नव्हता. नाक तेवढं तिचं, बाकी सगळी एल्मा मावशी. म्हणून मी तिला पाठमोरीच बघायचो. ती पुढं चालायची, मी मागून मनातल्या मनात चेहरा लावायचो. मागचा अख्खा हिवाळा तर एका दारापुढं गेला. खेळातच काही बिघडलं होतं, दार उघडेना. पहिल्यापासून सुरुवात केली असती तर उघडलं असतं. पण सिल्वीला पुसायचं कसं? मग बसलो तसाच, दारापुढं येरझारा घालत.

तो हातमोजा मी पार विसरलो होतो. तुझं पत्र वाचताना ती हसली. माझ्या कॅप्टननं एवढ्या हिवाळ्यांत एकदाही असं हसून दाखवलं नाही. असं आणखी काही आठवत असेल तर लिही. चेहरा राहू दे.

आणि घरी कसली जातेस? जिना काही पळून जात नाही. जानेवारीत बोट थांबली की मी येतो. मग दोन नवे कॅप्टन करू. तुझा चेहरा मी करणार, माझा तू. लढाया माझ्याकडे, कप उचलायचे तुझ्याकडे. ऐनीलाही बसव. पाव तिनं पुरता आणावा.

लोभ आहेच. माझे कान करताना तो आठव.

तुझा धाकटा,
आर्वो