नऊ पिढ्यांची वंशावळ आणि लासूरची गया

ती. आबा,

यापुढे शिरसाष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. तुम्हीच ती मला पाटीवर गिरवून शिकवलीत. आज लिहायला बसले तर हात वळेना, तेव्हा नमस्कार राहू द्या. गेलेल्या माणसाला पत्र लिहून लोक मन हलकं करतात म्हणे. माझं मन जड झालेलं नाही, आबा. मला किळस आली आहे.

कारण सांगते. गेल्या आठवड्यात राजेंद्र आला होता, तुमचा दत्तक मुलगा. तुमच्या पुस्तकाची मुद्रितं आणि मूळ हस्तलिखित घेऊन. वर्षश्राद्धाला पुस्तक वाटायचं ठरलंय. "ताई, तुम्ही मराठीच्या बाई. तुम्ही तपासाल तेच छापायचं, मी काय बघणार नाय," म्हणाला. अर्धं पुस्तक तुमच्या त्या जपानी सरदार घराण्याचं, अर्धं आपलं. दोन्हीकडे वंशावळ, दोन्हीकडे मुलखाचे नकाशे. मी एका बैठकीत वाचलं आणि उठून चूळ भरून आले.

पोलीस ॲक्शननंतर जहागिरी गेल्या, आपण औरंगाबादेत खडकेश्वराजवळ भाड्याच्या जागेत आलो, तेव्हा मी लहान होते. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. आईनं विचारलं, काही हवं का, तर म्हणायचात, "मुलूख गेला आणि तुला चहाचं पडलंय." पुढे कॉलेजात इतिहास शिकवायला लागलात आणि तिथल्या ग्रंथालयात ते घराणं तुम्हाला सापडलं. तुमचा चेहरा उजळला. त्यांनाही एका सरकारी हुकमानं घरी बसवलं होतं ना! साता समुद्रापलीकडचे सोयरे भेटावेत तसं झालं तुम्हाला.

मग आमच्यामागे तेच. हर्सूलच्या तलावावर फिरायला न्यायचात आणि सांगायचात, त्यांचा मुलूख तांदळाच्या उत्पन्नावर मोजत. वरच्या सत्तेची मर्जी फिरली की सगळ्या लवाजम्यासकट दुसऱ्या प्रांतात हलवत. दरबारात कोणी कुठल्या दालनात, कितव्या आसनावर बसायचं तेही ठरलेलं. मला तलावातली बदकं बघायची असायची. पण तुम्ही इतकं रंगून सांगायचात की मी ऐकत राहायचे. खोटं कशाला बोलू, आवडायचं मला.

एक गोष्ट मात्र तुम्ही पुन्हा पुन्हा सांगायचात. "सुमे, तिथं अंगवस्त्राचा मुलगासुद्धा गादीवर बसायचा. रक्त बापाचं ना? मग झालं. खानदान असं चालतं. मोठ्या मनाची माणसं ती."

आबा, हे बोलताना तुमच्या तोंडात जीभ कशी वळली?

गया आईची पाठराखीण होती. आईच्या लग्नात तिच्या माहेराहून ती आईसोबत आली, कारण जहागीरदाराच्या घरी नवरीनं एकटं येणं शोभत नव्हतं. पितळेच्या हंड्यांबरोबर, गादी-उशांबरोबर एक जितीजागती पोरगी! आणि तुम्ही तिला आंदणातलीच एक वस्तू समजून वापरलीत. शंकर झाला. सगळ्यांना ठाऊक होतं. आईला, भटजींना, पाणक्याला, मला. यात गुपित असं काही नव्हतंच कधी. गाव सोडताना तुम्ही दोघांना लासूर स्टेशनला उतरवून दिलंत आणि बजावलंत की व्यवस्था लागली की बोलावतो. तुमच्या पेट्या, तलवार, दिवाणखान्यातलं घड्याळ सगळं औरंगाबादला पोचलं. ती दोघं तेवढी लासूरला राहिली.

दसऱ्याला तुम्ही भाड्याच्या खोलीत लोड-तक्क्याची बैठक मांडायचात. कोणी आधी सोनं द्यायचं, कोणी मागून, कोणी गादीवर बसायचं, कोणी सतरंजीवर, सगळं मानाप्रमाणे. एका दसऱ्याला शंकर आला. मिसरूड फुटलेलं, नाक अगदी तुमचं. आपट्याची पानं घेऊन ओळीत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तुम्ही हात पुढे केला नाहीत. म्हणालात, "ठेव तिथं उंबऱ्यावर." त्यानं ठेवली आणि गेला. आईनं ती पानं उचलून देवघरात ठेवली. तुम्ही बैठक मोडेपर्यंत जपानच्या दरबारातल्या आसनांबद्दल बोलत होतात.

आणि गया गेली तो दिवस? लासूरहून निरोप्या आला तेव्हा तुम्ही जेवायला बसला होतात. आई न्हाणीत गेली, डोक्यावरून पाणी घेऊन आली आणि तीन दिवस देवाला शिवली नाही. कोणत्या नात्याचं सुतक पाळलंस, असं तिला कोणी विचारलं नाही. तुम्ही ताटावरून उठलात तरी का? निरोप्या दारात उभा होता आणि तुम्ही मला म्हणालात, "सुमे, वरण आण." मी आणलं. तुम्ही भात कालवलात, भुरके मारत जेवलात. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तुम्हाला आठवायचं म्हटलं की मला आधी तो भुरका ऐकू येतो, आणि शिसारी येते.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात झालं ते तर काय सांगायचं. तिकडे जपानात सरदार वारसाविना मेला तर मुलूख जप्त व्हायचा, म्हणून मरणाच्या दारात दत्तक घेत. दत्तक मंजूर होईतो कारभारी मालकाचं मरणही लपवून ठेवत. हे तुम्हीच सांगितलेलं. पण आबा, त्यांना निदान मुलूख तरी होता! तुमच्याकडे जप्त व्हायला काय होतं? तरी तुम्ही खाटेजवळ भटजी बोलावलात आणि चुलतभावाचा नातू, हा राजेंद्र, मांडीवर घेतलात. मिशावाला, कंत्राटदारी करणारा गडी. मांडीवर मावेना म्हणून खाटेच्या कडेला टेकला. नेमका तेव्हाच शंकर मोसंब्यांची पिशवी घेऊन दारात आला. भटजींनी विचारलं, "हे कोण?"

"लासूरचा आहे. कापडदुकानदार," तुम्ही म्हणालात.

मेलेलं घराणं जगवायला तुम्ही मिशावाला पोरगा उसना आणलात, आणि जिवंत पोराला दुकानदार केलंत. ही चूक आपल्यासारखेच लोक करू जाणोत.

मुद्रितं वाचून झाल्यावर मी लासूरला गेले. शंकरच्या दुकानात बसले. त्याला सांगितलं, वंशावळीत तुझं नाव घालते, राजेंद्रच्या आधी, थोरला म्हणून. तो कापडाची घडी घालत होता. आधी हसला, मग चिडला.

"कशापायी? माझं काय अडलंय? माझी पोरं माझं नाव लावत्यात, लई झालं. त्या म्हाताऱ्याच्या रांगेत आता नाय उभं राहायचं मला. एकदा राहिलो व्हतो."

त्यानं चहा सांगितला. मग म्हणाला, "त्यात बायांची नावं असत्यात का, ताई?"

"नाही," मी म्हणाले.

"तुमच्या आईचं?"

"नाही."

"मग माझ्या मायचं कुठून असंल." त्यानं चहा संपवला, घडी केलेलं कापड फळीवर ठेवलं. मी निघाले तेव्हा म्हणाला, "माझं नगं. तिचं घालता आलं तर बघा. जमलं नाय तर ऱ्हाऊ द्या."

घरी येऊन मी पुन्हा वंशावळ काढली. खरंच, नऊ पिढ्यांत एकही बाई नाही. जणू पुरुषांनाच पुरुष होत गेले. तुमच्या जपानी वंशावळीत मुलींच्या जागी निदान 'स्त्री' एवढं तरी लिहिलेलं आहे. आपल्याकडे तेवढीही तसदी नाही. त्यात मी नाही, माझी आई पार्वती नाही. चार दिवस झाले, ते पान माझ्या टेबलावर आहे. राग असता तर ओसरला असता. किळस ओसरत नाही.

एक लिहायलाच हवं, नाहीतर पत्र खोटं होईल. तलावाकाठी बोट धरून गोष्ट सांगणारे तुम्ही मला अजून हवे आहात. तेवढ्यासाठीच हे सगळं इतकं घाण वाटतं. परक्या माणसाचं कोणी एवढं मनाला लावून घेत नाही.

तर आबा, वचन देते. पुस्तक छापलं जाईल, मी अडवणार नाही. पण प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी मी त्याच्या बायकांसाठी जागा सोडते आहे. तुमच्या आधीच्या पिढ्यांतल्या बायकांची नावं कोणी लिहून ठेवलेली नाहीत, म्हणून त्या जागा कोऱ्याच छापायला सांगितल्या आहेत. पाहुणे पान उलटतील आणि विचारतील, ही मोकळी जागा कोणाची? राजेंद्रला काय सांगायचं ते सांगू दे. तो आदळआपट करेल, घराण्याला काळं फासलं म्हणेल. त्याला हे पान नको असेल तर पुस्तकही नाही, आणि तुमचं हस्तलिखित माझ्या कपाटात आहे.

तुमच्या नावाशेजारची जागा तेवढी कोरी नसेल. तिथं दोन नावं असतील, एका ओळीत, एकाच टायपात. पार्वती. गया.

सुमन