रिव्हर्स नसलेली बोट

हिवरटोला, ता. चामोर्शी
१८ सप्टेंबर

आदरणीय देवरावदादा,

धाकट्या अंजनाचा सविनय जयभीम.

गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब घालता ना, की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे नुसतं बघता? साक्षीला माझा आशीर्वाद सांगा आणि तिच्या हातचं मुकाट्याने खात जा, ती तुमची मुलगी आहे, खानावळ नाही. इकडे मी धडधाकट आहे. धान चांगलं उभं आहे. माकडांनी यंदा मागच्या पडवीची कवेलू काढून समोरच्या पडवीवर टाकली, त्यामुळे एकीकडे गळतं आणि दुसरीकडे दुप्पट छप्पर आहे.

हे पुढचं सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर माझं एक वाक्य संपत नाही तोच तुम्ही "थांब अंजना, आधी माझं ऐक" म्हणता, आणि मग मला लहानपणापासूनच्या माझ्या चुका क्रमाने ऐकाव्या लागतात. पत्राला कोणी थांब म्हणू शकत नाही. तेव्हा खुर्चीत नीट बसा आणि पुढचं वाक्य वाचून उठू नका. मी मोटारबोट घेतली आहे.

बसलात? तर झालं असं. नदीपलीकडचा कोसमटोला तुम्हाला आठवत असेल (हे होते तेव्हा तुम्ही आला होतात, आणि डोंग्यात बसायला नाही म्हणून काठावरूनच हात हलवला होता). चाळीसेक घरं आहेत. पावसाळ्यात एका बाजूला वैनगंगा आणि दुसऱ्या बाजूला नाला फुगला की टोल्याचं बेट होतं. एकोणतीस वर्षं मी नर्स म्हणून तिथे लसी घेऊन गेले, ती टोल्यातल्याच पोचूभाऊंच्या लाकडी डोंग्यातून. पोचूभाऊ वल्हवायचे, मी मांडीवर लसीचा डबा धरून बसायची. एकदाही डबा भिजला नाही. आता माझ्या जागी दीपाली नावाची नवी मुलगी आली आहे, हुशार आहे, पण गेल्या पावसाळ्यात पोचूभाऊंचा उजवा खांदा धरला आणि सतरा दिवस तिला पलीकडे जाता आलं नाही. लेकरांची इंजेक्शनं राहिली. मी निवृत्त बाई, मला काय करायचं होतं? पण सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसलं की समोर तो टोला दिसतो. दिसतो म्हणूनच सगळा घोटाळा.

तर वैशाखात चंद्रपूरकडचा अंकुश नावाचा एक गृहस्थ भेटला. याच्याकडे एका तलावावर पर्यटकांना फिरवणारी बोट होती, आता विकायला काढलेली. फायबरची, पांढरी, नाकावर निळा पट्टा. मी तिला पेशंटसारखी तपासली. हात लावला, कान लावला, खोकला ऐकला (इंजिन डिझेलचं आहे, सुरू होताना दम्यासारखं खोकतं आणि मग मोकळं होतं). तुम्ही आयुष्यभर रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये होतात, तुम्हाला विचारायला हवं होतं हे मला मान्य आहे. विचारलं असतं तर घेतली नसती, म्हणून नाही विचारलं.

आता या बोटीची रचना ऐका. आजकालच्या बोटींना इंजिन मागे बाहेरून टांगलेलं असतं, बिघडलं की काढा, खांद्यावर टाका, दुकानात न्या. हिचं तसं नाही. हिचं इंजिन पोटात आहे. त्याचा दांडा मागच्या भिंतीला भोक पाडून बाहेर जातो, तिथून एक लोखंडी पाय पाण्यात उतरतो आणि पायाच्या टाचेला पंखा. भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून दांड्याभोवती रबराचा भाता असतो, पेटीच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा. अंकुश म्हणाला, "बाई, असं काम आता कोणी करत नाई." (का करत नाही, ते पुढे कळलं.) मी विचारलं, "याचे पार्ट भेटतात काय?" तर म्हणतो, "बिघडन तं पार्ट लागन ना, बाई!" मला हे उत्तर त्या वेळी फार पटलं. वर त्याने मार्कंड्याच्या जत्रेत भाविक फिरवण्याचा सल्लाही फुकट दिला.

बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गावात आली तेव्हा अर्धं गाव मागे होतं. पोचूभाऊ घाटावर उभे होते, डोंग्याच्या काठावर हात ठेवून. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. खरं सांगते दादा, सांगायची भीती वाटली. ज्या माणसाने एकोणतीस वर्षं आपल्याला पार नेलं, त्याला "तुमचा खांदा गेला, आता मी मशीन आणते" हे कसं म्हणायचं? म्हणून म्हटलंच नाही, आणि ते म्हणण्यापेक्षा वाईट झालं. त्यांनी बोट पुढून पाहिली, मागून पाहिली, "चांगली आहे, बाई," म्हणाले आणि डोंगा पाण्यात लोटून पलीकडे आपल्या घरी निघून गेले.

दोन दिवसांनी बोट पाण्यात उतरवली. मृगाच्या आधीची नदी, पाणी संथ. हँडल पुढे ढकललं की पुढे, मध्ये ठेवलं की मोकळं, मागे ओढलं की मागे, असं अंकुशने शिकवलं होतं. पुढे गेली. काय सुंदर गेली म्हणून सांगू! काठावरची माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी हातही हलवला. मग समोर वाळू आली. मी हँडल मागे ओढलं. बोटीच्या लोखंडी पायातून गिरणीत खडा पडल्यासारखा आवाज आला आणि बोट होती तशीच पुढे. रिव्हर्स नव्हताच. अंकुशच्या तलावावर त्याची गरज पडत नव्हती म्हणे, तिथे गोल फिरून यायचं असायचं. इंजिन बंद करायची दोरी ओढायला हवी हे मला आठवेपर्यंत बोट पाणी सोडून वाळूवर चढली आणि बुधूच्या टरबुजांच्या वाडीत जाऊन थांबली. टरबुजं संपत आली होती, एवढंच बरं. बुधूने फुटलेलं एक उचलून मला खायला दिलं.

बोट ओढून न्यायला कोण आलं असेल? पोचूभाऊच. दोर बांधला, दुखऱ्या खांद्याने डोंगा वल्हवत मला घाटावर आणलं. वाटेत एवढंच बोलले, "डोंग्याले ब्रेक नाई, बाई. पण तो कधी वाडीत नाई घुसला." त्यानंतर दोन महिने ते माझ्याकडे चहाला आले नाहीत. त्यांची बायको सोमारी बाजारात भेटली की हसायची, पण तीही घाईत असल्यासारखी. माझ्या ओट्यावर एक कप उपडाच राहिला.

मग लोकेशला बोलावलं. हा आमचा ट्रॅक्टरचा मिस्त्री. त्याने बोटीखाली डोकं घातलं, बराच वेळ घातलेलंच ठेवलं, आणि बाहेर येऊन म्हणाला, "काकू, हे मशीन आपल्या जिल्ह्यात कोणीच पाह्यलं नाई. मीबी नाई." मोबाइलवर शोधलं तर कुठल्यातरी परदेशातल्या एका म्हाताऱ्याचा व्हिडिओ सापडला. त्याच्या बोटीला हेच दुखणं होतं. पूर्ण अठरा मिनिटं तो पाय उघडून दाखवतो आणि शेवटी मान हलवतो. व्हिडिओ चौदा वर्षांपूर्वीचा. लोकेशला तेवढ्यात आणखी एक गोष्ट सापडली, भात्याला चिरा गेल्या होत्या. पार्ट मिळत नाही म्हणून त्याने ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब कापून गुंडाळली आणि वर लोखंडी पट्ट्या आवळल्या. दिसायला अगदी प्लास्टर केलेल्या पायासारखं. "नदी भरली तं नेऊ नका," असं बजावून गेला.

आता इथून थट्टा बाजूला ठेवते.

१९ ऑगस्टला सकाळी नऊच्या सुमारास पोचूभाऊंच्या सुनेचा, करिश्माचा फोन आला. सोमारी धानाच्या बांधीत निंदायला गेली होती, तिथे पायाला परड चावली (तुम्ही शहरातले घोणस म्हणता). पाय सुजत होता. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेले, नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती. करिश्मा रडत सांगत होती, "बाई, बुवा डोंगा पाण्यात सोडून राह्यले. एका हातानं. ऐकतच नाई." (बुवा म्हणजे तिचे सासरे, पोचूभाऊ.) मी म्हटलं, त्यांना धरून ठेव, मी येते. दीपालीला अॅम्ब्युलन्स घाटावर आणायला सांगितलं आणि लोकेशला घेऊन बोट सोडली. त्याने "नेऊ नका" हे एकदाही म्हटलं नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. त्याला पोहता येत नाही हे मात्र त्याने मध्यधारेत सांगितलं.

पाणी मातकट, मोठमोठी लाकडं वाहत येत होती, आणि ट्यूबच्या पट्टीतून आत धार लागलेली. लोकेश गंजाने, म्हणजे पातेल्याने, पाणी उपसत होता. कोसमटोल्याचा घाट बुडालेला, मोहाची झाडं कमरेपर्यंत पाण्यात. मी बोटीचं नाक सरळ तिकडे धरलं, आणि तेव्हा लक्षात आलं की प्रवाहाच्या अशा वेगात मी पोचेन, पण थांबणार नाही. झाडांवर आपटेन.  

तेवढ्यात काठावर पोचूभाऊ दिसले, दुपट्टा फिरवत, ओरडत. "तोंड वरतं कर! धारेवर कर तोंड!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला एकेरीत हाक मारली. मी नाक वळवलं, प्रवाहाच्या विरुद्ध. "आता कमी कर! अजून कमी!" इंजिन कमी केलं आणि बोट जागच्या जागी उभी राहिली, दादा! इंजिन पुढे ढकलतंय, नदी मागे ढकलतेय. जरा आणखी कमी केलं तर नदीने आम्हाला हळूहळू मागे नेलं, हात धरून नेल्यासारखं, दोन झाडांच्या मधून थेट त्यांच्या पायापाशी. त्यांनी दोर पकडला आणि म्हणाले, "मशीनजवळ नसन, बाई, पण नदीजवळ हाये रिवर्स."

सोमारीला फळीवर निजवलं. ती विचारत होती, "मी मरतो का, बाई?" मी म्हटलं, "हलली तं पाहा. गप पडून राह्य." (एकोणतीस वर्षांत हेच एक औषध माझ्याजवळ कायम शिल्लक असायचं.) परतताना पोचूभाऊ माझ्या शेजारी उभे होते. कुठे भोवरा, कुठे पाण्याखाली खडक, ते बोटाने दाखवत होते आणि मी बोट वळवत होते. डोळे मात्र त्यांचे सारखे सोमारीकडे. आमच्या घाटावरही तसंच, तोंड धारेवर आणि हळूहळू मागे. दीपाली सलाईन घेऊन पाण्यात गुडघाभर उभी होती.

अकरा दिवस दवाखाना झाला. पहिले चार वाईट गेले. आता सोमारी घरी आहे, पाय काळा पडलाय पण वाचला, आणि काल तिने मला सांगितलं की दवाखान्यातल्या भाजीत मीठ नसतं.

त्या चार दिवसांत दवाखान्याच्या बाकावर पोचूभाऊ आणि मी शेजारी बसलो होतो.  मग ते म्हणाले, "मले सांगाले पायजे होतं, बाई."

मी म्हटलं, "तुम्ही रागावले असते."

"रागावलो असतो ना. पण संगं आलो असतो पाहाले. त्या भात्याले हात लावून पाह्यला असता."

मी माफी मागितली. त्यांनी उठून दोन चहा आणले. माझ्या चहात साखर नव्हती, मला कशी लागते ते त्यांच्या लक्षात होतं.

आता बोट तेच चालवतात. मला हँडलला हात लावू देत नाहीत. दर मंगळवारी दीपाली लसी घेऊन जाते तेव्हा मीही उगाच जाते आणि पुढच्या फळीवर बसते. डबा आता दीपालीच्या मांडीवर असतो. माझे हात रिकामे असतात, त्यांचं काय करायचं ते अजून समजत नाही. बाकी सर्व ठीक.

तब्येतीला जपा.

तुमची धाकटी,
अंजना

ता.क. : साक्षीचा फोन आला होता. तिने सांगितलं ते तुम्हाला सांगू नको म्हणाली, म्हणून लिहिते. वहिनी गेल्यापासून तुम्ही दूधवाल्याखेरीज कोणाशी बोलत नाही, आणि हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकलून ठेवली आहे म्हणे. दादा, त्या भात्यावर अजून ट्यूबच गुंडाळलेली आहे. पेटी घेऊन या. मी पोचूभाऊंना सांगून बसले आहे की माझे रेल्वेवाले भाऊ येणार.

ता.क. दुसरा : अंकुशकडे अगदी अशीच दुसरी बोट होती. तिचा फक्त रिव्हर्स चालतो, पुढे जात नाही. ती माझ्या अंगणात उभी आहे. तिच्यातला रिव्हर्स काढून हिच्यात बसवायचा, एवढंच काम. दोन दिवसांचं आहे.

ता.क. तिसरा : लोकेश म्हणतो, दोन महिन्यांचं. कपडे त्या बेताने आणा.