शुक्रवारचं व्याख्यान, शनिवारचे पूल

३ फेब्रुवारी, सोमवार
सरांनी आज तोंडावरच सांगितलं — या खेपेला व्याख्यानाला हॉल भरला नाही, तर आमच्या स्टुडंट चॅप्टरला, म्हणजे इंजिनियरिंगच्या विद्यार्थी मंडळाला, टाळं. आमच्या पार्टीला पाय ठेवायला जागा नसते, आणि मागच्या व्याख्यानाला कोण? समिती, वॉचमन आणि चहावाला! आमचा अध्यक्ष लंबू हसत होता. मला नाही आलं हसू. कॉलेजचं पहिलं अख्खं वर्ष मी कोपऱ्यातल्या बाकावर एकटीने डबा खाल्लाय. चॅप्टरमध्ये आले आणि माणसं मिळाली. ते बंद पडलं की मी पुन्हा त्याच बाकावर.

४ फेब्रुवारी
वक्ता मिळाला! आत्याची मैत्रीण, पुलांची तपासणी करणारी इंजिनियर. आत्या म्हणाली, ती पुलाखाली दोरीला लोंबकळेल, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की हातपाय गार. तरी मी फोन करून गळ घातलीच. मॅडम हो म्हणाल्या. हुश्श.

५ फेब्रुवारी
व्याख्यान शनिवारी, पार्टी शुक्रवारी — ठरलं. लंबूने उलटं केलं. दुपारी पुन्हा सुलटं. संध्याकाळी पुन्हा उलटं! आमच्या समितीचं हे नेहमीचंच. शेवटी व्याख्यान शुक्रवारी, पार्टी शनिवारी. दर वेळी मॅडमना फोन करणारी मीच. लाज वाटते हो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मॅडम आल्याच नाहीत. फोन बंद.

हॉलमध्ये मोजकी टाळकी, तीही समितीचीच — भरल्यासारखं दिसावं म्हणून लांब लांब बसवलेली. सर दारातून डोकावले, घड्याळ पाहिलं, गेले. लंबूने विचारलं, शेवटची तारीख सांगितली होतीस ना? सांगितली. बहुतेक. इतके फोन केलेत की कुठल्या फोनवर काय बोलले तेच आठवेना. आई म्हणते, आधी जेवून घे. घास उतरला तर ना! माझ्यामुळे बुडालं सगळं.

८ फेब्रुवारी, शनिवार
पार्टी ऐन रंगात. खेळ होता वर्तमानपत्राच्या गुंडाळ्यांचे पूल बांधायचा, वर पुस्तकं रचायची. हॉल खचाखच. आणि दारात मॅडम! कडक इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. म्हणाल्या, "आजच ना गं कार्यक्रम?"

म्हणजे चूक माझीच! म्हटलं, हो हो, आजच. लंबू आ वासून बघत राहिला.

माइक द्यायला गेले तर मॅडम भिंतीला चिकटलेल्या. तेवढ्यात एका गटाचा पूल धाडकन पडला. मॅडमना राहवेना. फाइल माझ्या हातात कोंबली आणि सरळ जमिनीवर गुडघे टेकले. "उचलू नका. कुठून मोडला ते आधी बघा." मग जे बोलत सुटल्या! तडा कुठे लपतो, काँक्रीटवर ठोकून आवाज कसा ऐकायचा. पोरं भोवती दाटीवाटीने, मागची खुर्च्यांवर चढलेली. सर जेवायला आले होते, तेही ताट हातात धरून ऐकत राहिले. जाताना म्हणाले, "हे व्याख्यानात धरू. पुढच्या वर्षीचं आखायला घ्या."

मी चक्क रडले. लंबूने नॅपकिन दिला, तोही खरकटा. मॅडमना गाठून तारखेच्या घोळाबद्दल हात जोडले. त्या काहीतरी पुटपुटल्या आणि घाईने निघून गेल्या. रागावल्यात का?

९ फेब्रुवारी
दुपारपर्यंत झोपले. उठून दोनदा जेवले. मॅडमना पुन्हा माफीचा मेसेज टाकला.

११ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. "माफी मागणं थांबव बघू. तारीख तू बरोबरच सांगितली होतीस. शुक्रवारी आले होते मी. दारातून त्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, वाटलं, आता सगळ्यांच्या नजरा माझ्या एकटीवरच, आणि पाऊल पुढे पडेना. फोन बंद करून जिन्यातच बसून राहिले. दाराला शनिवारच्या पार्टीचा कागद दिसला. वाटलं, गर्दीत एखाद्या कोपऱ्यात तरी उभं राहता येईल, म्हणून तारीख चुकल्याचं सोंग करून आले."

पुढच्या कार्यक्रमाला मी आधी जिन्यात बघून येणार.