हात घालून मोजलेली झाडं

मी, मोरेश्वर वामन खरवंडीकर, वय वर्षं त्र्याहत्तर, मूळचा अमरावतीचा, हल्ली मुक्काम प्लेनो, टेक्सस, पूर्वी गॅस कंपनीत इंजिनिअर आणि आता रिकामटेकडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायको आतून दोनदा "अहो, पोहे गार होताहेत" असं म्हणाली, तो दबाव धरू नये.

वकीलबाईंनी इंग्रजीत लिहा म्हणून सांगितलं होतं. इंग्रजीत मला रिपोर्ट लिहिता येतो, मनातलं लिहिता येत नाही. भाषांतर देवयानी करून घेईल. अर्थावरून वाद झालाच तर हे मराठीच खरं मानावं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आळस, दुसरं काही नाही.

कलम १. राहतं घर. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे यातलं अर्धं घर माझी पत्नी शैलजा हिचं आहेच. उरलेलं अर्धंही मी तिलाच देतो. "म्हणजे मला माझंच घर देताय," असं ती म्हणेल, आणि ते बरोबर आहे. छपरावरचे सोलर पॅनल घराबरोबर जातील. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आहे. ती काढा म्हणून कॉलनीच्या कमिटीने आम्हाला तीन पत्रं पाठवली. वर ऊन मोफत पडत असताना आत ड्रायर फिरवायचा आणि दाराशी "आम्ही पृथ्वी वाचवतो" अशी पाटी लावायची, हे मला जमलं नाही. शैलजा जिवंत आहे तोवर दोरी निघणार नाही. ही माझी इच्छा आहे, आणि कमिटीने ती धमकीही समजावी.

कलम २. बँकेत आणि पेन्शनमध्ये जे असेल ते सगळं शैलजाचं, तिच्यानंतर आमची मुलगी देवयानी हिचं. यात लिहिण्यासारखं काही नाही, कारण आम्ही दोघंही साधी माणसं आहोत आणि भांडायला पुरेसं ठेवलेलं नाही.

कलम ३. गॅरेजमधली हत्यारं देवयानीने न्यावीत. तिला पाना धरता येतो, मीच शिकवलाय. भिंतीला टेकवलेली लांब शिडी आमचे शेजारी रॉय हॅन्सन यांची आहे. आठ वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी आणली होती. ती परत करावी. त्याला देणगी म्हणू नये, नुसती लाज म्हणावी.

कलम ४. नंदकुमार रघुनाथ पोंक्षे, ऊर्फ नंदू, राहणार इथेच चार गल्ल्या पलीकडे, यांस माझ्या मिळकतीतलं काहीही मिळू नये. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला काही ठेवलं तर ते बाद होऊ शकतं, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मी नंदूलाच साक्षीदार केलं आहे. रविवारी तो सही करायला येईल. का बोलावलं ते त्याला वाचून दाखवावं.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. बोनहॅम गावाच्या पलीकडे माझी बारा एकर जमीन आहे, आणि तिच्यावर झाडं आहेत. ती माझ्याकडे कशी आली ते सांगितल्याशिवाय तिची व्यवस्था लिहिता येत नाही.

मी 'टू क्रीक्स गॅस अँड पॉवर' या कंपनीत तीस वर्षं काढली. २०१२ साली कंपनीने जाहीर केलं की अमुक वर्षापर्यंत आपण क्लायमेट न्यूट्रल होणार, म्हणजे हवेत जेवढं सोडू तेवढं परत शोषून घेऊ. शोषायला झाडं हवीत. बोनहॅमला जमीन घेऊन वीस हजार रोपं लावली. हरणांनी खाऊ नयेत म्हणून प्रत्येक रोपाभोवती मांडीएवढ्या उंचीची पांढरी प्लॅस्टिकची नळी. वार्षिक रिपोर्ट लिहायचं काम नंदूकडे. तो पुण्याचा, भाषा गोड, आकड्यालाही इस्त्री करून आणायचा. झाडं मोजायचं काम माझ्याकडे.

मी ती कशी मोजली हे लिहिताना आजही कान गरम होतात. जून महिना, पारा एकशे तीन फॅरनहाइटवर. आम्ही पिकअपमध्ये एसी लावून बसायचो, रांगेच्या कडेने गाडी चालवायची आणि उभ्या नळ्या मोजायच्या. उभी नळी म्हणजे एक झाड. २०१४ साली मी सही केली: जिवंत झाडं अठरा हजार चारशे. तीस वर्षांत पाइपचा एकही वेल्ड न तपासता पास न केलेला माणूस मी!

त्याच आठवड्यात शैलजाला झाडं दाखवायला घेऊन गेलो. ती गाडीतून उतरली, पहिल्या नळीजवळ गेली आणि बाळाचं झबलं वर करून पाहावं तसा तिने आत हात घातला. बाहेर आली एक वाळकी काडी. दुसरीत काडी. तिसरीत गांधीलमाशांचं पोळं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही काय मोजत होतात?" त्या दिवशी आम्ही दोघांनी पन्नास नळ्यांची एक रांग हात घालून पाहिली. जिवंत निघाली चार.

मी नंदूकडे गेलो. रिपोर्ट छापायला निघाला होता, मुखपृष्ठावर त्याच पांढऱ्या नळ्या. तो म्हणाला, "मोऱ्या, यार, आता कसं कॅन्सल करणार? पुढच्या वर्षी करेक्ट करू. झाडं काय पळून जाताहेत?" मी म्हणालो, पळून गेलीच आहेत. तो हसला. मी हसलो नाही. रात्रभर विचार करायचीही गरज पडली नाही, संध्याकाळीच संचालकांना पत्र लिहिलं, आणि त्यात चूक माझी आहे हे पहिल्या ओळीत लिहिलं.

रिपोर्ट मागे घेतला गेला. नंदूची डायरेक्टरची जागा गेली. मला चीफ इंजिनिअरच्या केबिनमधून काढून गळती शोधायच्या पथकात टाकलं. ही शिक्षा होती, आणि देवाशपथ सांगतो, माझी सगळ्यात सुखाची तीन वर्षं तीच. डोळ्यांना न दिसणारा गॅस दाखवणारा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, पाइपलाइनच्या कडेने चालायचं, धूर दिसला की तो जोड आवळायचा. आवळला की गळती थांबते. लगेच कॅमेऱ्यात दिसतं. तीन वर्षांत आम्ही सहाशे दहा गळत्या बंद केल्या. कंपनीने हवेसाठी खरोखर काही केलं असेल तर ते हे, आणि त्याचा फोटो कुठल्याही मुखपृष्ठावर आला नाही. असो.

कंपनीने ती जमीन तुकड्यांनी विकली, त्यातले बारा एकर मी घेतले. शैलजा म्हणाली, "चूक विकत घेताय होय?" मी म्हणालो, हो. तेव्हापासून दर हिवाळ्यात पन्नास-साठ ओक आणि पेकनची रोपं लावतो, तशाच नळ्यांत. निम्मी मरतात. दोन वर्षांपूर्वीच्या मोजणीत तीनशे अठ्ठेचाळीस जिवंत होती. नंतर माझ्या गुडघ्यांनी हात टेकले आणि मोजणी थांबली.

या वसंतात कंपनीचं पत्र आलं. नवे साहेब, नवी आश्वासनं. आम्ही कुंपण घालू, पाणी देऊ, तुमच्या नावाची पाटी लावू. फक्त ही झाडं आमच्या क्लायमेट न्यूट्रलच्या आकड्यात धरू द्या. मी नाही म्हणालो. पण मी गेल्यावर नाही कोण म्हणणार? देवयानीला विचारलं. ती सांता क्लाराला, दोन नोकऱ्यांचं काम एका नोकरीत करणारी. फोनवर म्हणाली, "बाबा, आय लव्ह यू, बट आय कॅन्ट फ्लाय टू टेक्सस टू काउंट ट्रीज." खरं आहे तिचं. मला राग आला नाही. पण मनात भीती बसली ती बसलीच: मी डोळे मिटल्यावर ही झाडं पुन्हा कोणीतरी एसी लावून, गाडीत बसून मोजेल.

तरी जमीन देवयानीलाच देतो, अट एकच. ही झाडं कुठल्याही कंपनीच्या आकड्यात जाणार नाहीत. त्यांनी काय शोषायचं ते शोषू दे, पण त्यांच्या नावावर कोणी जास्तीचा धूर सोडू नये. दरवर्षी मोजणी व्हावी. ती कोणी करावी, ही जागा मी आज कोरी ठेवतो.

कलम ६. देह. जन्मभर गॅसवर पोट भरलं, शेवटीही गॅसवरच जाईन. इथल्या दहनगृहात दुसरी सोय नाही. त्या धुराची भरपाई अमुक झाडांनी झाली असं श्रद्धांजलीत कोणी म्हणू नये. राख बोनहॅमला टाकावी. रडायचं असेल त्याने रडावं, पण नंतर जेवावं.

कलम ७. हे कलम रविवारी संध्याकाळी लिहीत आहे. शाई वेगळी आहे, हात तोच आहे.

मिळकतीच्या यादीत झाडांचा आजचा आकडा हवा होता. आमच्याकडे भाड्याने राहणारी हिमानी, युनिव्हर्सिटीत पीएचडी करते, तिला मी शुक्रवारी विचारलं होतं, पण तिची परीक्षा. हे नंदूच्या कानावर कसं गेलं ते शैलजाला ठाऊक, ती कबूल करत नाही. शनिवारी सकाळी नंदू एकटा गाडी घेऊन बोनहॅमला गेला. वय वर्षं बहात्तर, डोक्याला माझीच जुनी हॅट.

आज सही करायला आला तो उजवा हात रुमालात गुंडाळून. म्हणाला, "तीनशे अकरा."

मी म्हणालो, "तीनशे अठ्ठेचाळीसच्याही खाली? नीट पाहिलंस?" खरं सांगतो, मला मोठा आकडा हवा होता. मरायच्या कागदावर सगळ्यांनाच हवा असतो.

"ज्यांचे शेंडे बाहेर आलेत ती दिसतात रे. बाकीच्या एकूण एक नळीत हात घातला. ब्याऐंशीत काडी होती. ती धरली नाहीत." मग त्याने रुमाल सोडला. कोपरापर्यंत ओरखडे, आणि अंगठा गांधीलमाशी चावून लिंबाएवढा सुजलेला. शैलजा "अगं बाई, भाऊजी!" म्हणत चुना आणायला धावली.

तो अंगठ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तेव्हाच घालायला हवा होता, मोऱ्या. तू सांगत होतास. मला खुर्ची दिसत होती."

अकरा वर्षं आम्ही दर शनिवारी एकत्र फिरलो, गणपतीला एका पंगतीत बसलो, एकमेकांच्या ऑपरेशनला डबे नेले, आणि हे एक वाक्य आमच्या मधे पडून होतं. तो बोलत नव्हता, मी विचारत नव्हतो. आज ऐकलं आणि मला रडू आलं. लपवलं नाही. मग मी त्याला कलम चार वाचून दाखवलं. तो इतका हसला की चुना शैलजाच्या साडीला लागला.

तेव्हा कलम ४ रद्द. माझा हातात धरून दाबायचा मोजणीचा काउंटर, जो प्रत्येक दाबाला एक आकडा पुढे सरकतो, तो मी नंदकुमार रघुनाथ पोंक्षे यांस देतो. कलम ५ मधल्या कोऱ्या जागी त्याचं नाव घालावं. दर ऑक्टोबरात त्याने मोजावं, हातमोजे घालून. देवयानीने त्याचा आकडा शंका न घेता मान्य करावा, कमी आला तर विशेषच. तो थकला की स्वतःसारखा एखादा, एकदा चुकलेला माणूस त्याने शोधावा. न चुकलेल्याला हे काम देऊ नये.

आता माझी कशाबद्दलही तक्रार नाही, कॉलनीची कमिटी सोडून.

मिळकतीची यादी, बोनहॅम: जमीन बारा एकर. जिवंत झाडं तीनशे अकरा.

हे सारं मी शुद्धीवर, पोटभर जेवून आणि हलक्या मनाने लिहिलं, वाचलं आणि साक्षीदारांसमोर सही केली.

प्लेनो, टेक्सस
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५
(सही) मोरेश्वर वामन खरवंडीकर

साक्षीदार पहिली: हिमानी अरविंद देवस्थळी (सही)

साक्षीदार दुसरा: रॉय हॅन्सन (सही). यांना मराठी येत नाही. मी सही करताना त्यांनी पाहिलं, आणि जाताना शिडी नेली.

साक्षीदार दुसरा म्हणून यापूर्वी लिहिलेलं नंदकुमार रघुनाथ पोंक्षे हे नाव मी स्वतः खोडलं आहे, कारण त्याला आता माझ्याकडून काहीतरी मिळायचं आहे. — मो. वा. ख.