घटामागची भिंत

शुक्र. ८ ऑक्टो. ९९

पितृपक्ष. कुणी घराला ब्रश लावू देत नाही. मामा दुकानात बसून जुने ब्रश रॉकेलमध्ये बुडवतो आणि मला शिव्या घालतो. भाचा कॉलेज सोडून आपल्याबरोबर रंगकामाला आला, याचं त्याला बरं वाटतं की वाईट, अजून कळलेलं नाही. एस.वाय.ला प्रॅक्टिकलच्या सरांसमोर जर्नल फाडलं, नि संपलं. फाडलं याचं काही वाटत नाही. शु. अजून त्या वर्गात बसते आणि मी नाही, याचं वाटतं.

(शु. एवढंच लिहायचं. आई माझं कपाट आवरते.)

मामा म्हणाला, घट बसले की मखमलाबादला काम. फुलशेतीवाले, नवं स्लॅबचं घर. आडनाव सांगितलं. नानांचं घर. शु.चं.

"घाई आहे त्यांना. कोजागिरीला पोरीला बघायला पुण्याचे येतायत."

मला काही बोलली नाही ती. का बोलावं? आमचं काय ठरलंय? दोन वर्षं कँटीनला समोरासमोर चहा प्यायलो, ते काय ठरणं असतं?

जेवलो नाही. आईला सांगितलं, रॉकेलच्या वासाने.

रवि. १० ऑक्टो. घटस्थापना

पोचलो तर घट बसलेले. हॉलच्या मधल्या भिंतीला टेकून. माती, सुगडं, फुलांची माळ, नंदादीप. काकूंनी (शु.ची आई) आधीच बजावलं, "घट उठेस्तोवर त्या भिंतीला हात लावायचा नाही हं. दिव्याला वारासुद्धा लागता कामा नये."

मामाने कपाळाला हात लावला. तीच तर दाखवायची भिंत. पाहुणे दारातून आत आले की पहिली दिसणार ती. आता दसऱ्यापर्यंत थांबा, मग चार दिवसांत उरका.

नाना म्हणाले, "घाई करू नका. पावणे दोन घंटे बसतील न् जातील. आपल्याला इथं ऱ्हायचं हाय."

शु. चहा घेऊन आली. मी लाकडी घोडीवर चढलेला, हातात लांबी भरायचं पान, डोक्याला रुमाल.

"बरा दिसतोस की कामाला," म्हणाली.

"पुण्याचं सांगितलं नाहीस."

"विचारलंस कधी?"

कप खाली ठेवून गेली. चहात साखर दुप्पट. मला तशी लागते हे तिच्या लक्षात आहे. म्हणजे काय? म्हणजे काहीच नाही.

मंगळ. १२ ऑक्टो.

शेडकार्डावरून घरात भांडण. काकूंना हॉल पिस्ता, स्वयंपाकघर गुलाबी. शु. म्हणाली, "शेडकार्डातले रंग सगळे दवाखान्यासारखे. मला बाहेरचे हवेत."

"बाहेरचे म्हणजे?"

"चल, दाखवते."

नाना पुढे, आम्ही मागे. ऊन मरणाचं, पण सकाळचं दव अजून बांधावर होतं. पावसाळा संपला की हे रान आठवड्याला रंग बदलतं, मी आयुष्यभर नाशकात राहून कधी पाहिलं नव्हतं. बांधावरचं गवत शेंड्याला सोनेरी, बुडाला अजून हिरवं. चामर लेण्याचा डोंगर तर पार उंटाच्या पाठीसारखा झालाय. तुरीला फूल आलंय, पुढून पिवळं, मागून लाल रेघा. कांद्याच्या रोपाला पाणी दिलेलं, ती माती ओली तांबूस काळी. ती एकेक वस्तू तोडून माझ्या हातात ठेवत होती.

"ओटीला हे गवत. स्वयंपाकघराला ही माती, जरा फिकी. माझ्या खोलीला तुरीचं फूल."

मी बोललो, "तुझी खोली कशाला रंगवायची? तू तर चाललीस पुण्याला."

हातातलं फूल तिने बांधावर टाकलं आणि भराभरा पुढे नानांच्या बरोबरीने चालायला लागली. माझ्या तोंडाला कुणीतरी कुलूप घालायला पाहिजे. किंवा नको त्या वेळी लागतं ते काढायला पाहिजे.

गुरु. १४ ऑक्टो.

काल दिवसभर गवताचा रंग जमेना. पिवळा, थोडा तांबडा, काळ्याचा थेंब. डब्यात बरोबर दिसतो, भिंतीवर वाळला की पोतेऱ्यासारखा. पुन्हा. पुन्हा.

मामा : "गवत हा काय रंग आहे का? गवत म्हणजे गवत."

मग्गा फेकला. ओटीवर शिंतोडे. मामाने मलाच पुसायला लावले.

संध्याकाळी वैतागून शेवटचा एक हात मारून निघून गेलो होतो. आज सकाळी आलो तर भिंतीसमोर शु. उभी. हातात गवताची काडी. तिने ती भिंतीला लावून धरली आणि खरंच, काडी दिसेना.

"हरवलं बघ गवत," ती म्हणाली. मंगळवारपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

काकू : "शेणाने सारवल्यासारखं दिसतंय."

नाना : "मग चांगलंच की. घरासारखं दिसतंय."

आज जेवलो. दोन वेळा.

शनि. १६ ऑक्टो.

घटातलं धान वीतभर वर आलंय. अंधाऱ्या कोपऱ्यात वाढलेलं, म्हणून ना हिरवं ना पिवळं. दिव्याच्या उजेडात आतून पेटल्यासारखं. शु. गुडघ्यावर बसून त्याला पाणी शिंपडत होती. मी बाजूच्या भिंतीवर.

"मधल्या भिंतीला हा रंग जमेल?"

जमेल. पण ती भिंत वर ट्यूब असलेली. घट उठले की खाली सोफा. त्यावर शु. बसणार, समोर पुणेकर. आणि मामाने मला कामाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं : बसायच्या खोलीत असला पिवळट पोपटी मारायचा नाही. ट्यूबखाली धडधाकट माणूस आजारी दिसतो.

मामा दोन दिवस सिडकोतल्या कामावर होता. विचारायला कुणी नव्हतं. मी म्हणालो, "छान दिसेल."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

आजारी दिसणारी मुलगी पुणेकर कशाला पसंत करतील? करू देत नापसंत. वाईट आहे हे? असेल. माझ्याकडे दुसरं आहे काय? डिग्री नाही, नोकरी नाही, हातात चार इंची ब्रश.

मंगळ. १९ ऑक्टो. दसरा

घट उठले. काकूंनी धान उपटून सगळ्यांना दिलं. नानांनी टोपीत खोचलं, मामाने कानामागे. शु.ने केसात. मी शर्टाच्या खिशात ठेवलं.

नाना दोन दिवस झेंडूच्या गाड्या भरत होते, खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. टोपीतलं धान डुलत होतं.

शु.ने आपट्याचं पान दिलं. "सोनं घे." पुढचं, सोन्यासारखा राहा वगैरे, म्हणाली नाही. मी घेतलं आणि उलट द्यायला विसरलो. बाहेर फाटकाशी आल्यावर आठवलं. परत जायला काय झालं होतं?

गुरु. २१ ऑक्टो.

भिंत झाली, मामा सिडकोहून यायच्या आत. दिवसाच्या उजेडात सुंदर, खोटं नाही बोलत. मग काकूंनी ट्यूब लावली आणि शु.ला सोफ्यावर बसवून पाहिलं.

"अगं बाई! कावीळ झाल्यासारखी दिसतेय पोरगी!"

मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. मला बाहेर ओढून नेलं, कॉलर धरली. "मी शिकवलेलं माझ्यावरच? धंदा बसवशील माझा! आजच्या आज पांढरा मार त्याच्यावर."

"नाही मारणार."

"मी मारतो."

आत आलो तर शु. अजून सोफ्यावरच. "राहू दे मामा. मला हाच पाहिजे."

काकू : "अगं पण..."

नाना : "तिला आवडलाय ना. मग ऱ्हाऊ द्या."

ती माझ्या बाजूने बोलली. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिला फसवतोय आणि ती माझी बाजू घेतेय.

रवि. २४ ऑक्टो. कोजागिरी

घोडी न्यायची राहिली, असं सांगून गेलो. मागच्या दाराशी उभा. स्वयंपाकघरातून हॉल सरळ दिसतो.

मुलगा, आई, वडील. शु. जांभळ्या साडीत, मान खाली. ट्यूब चालू. खरंच पिवळी दिसत होती. मुलाची आई म्हणाली, "बरी आहेस ना गं बाळा? दगदग झाली का फार?" मी दाराची कडी घट्ट धरली. झालं. जमलं.

आणि लाइट गेली.

काकूंनी घाईघाईने पश्चिमेची खिडकी उघडली. उतरतं ऊन सरळ त्या भिंतीवर. तसा रंग मी आजवर पाहिला नाही, आणि मारला मीच. सगळं धान एकदम उगवल्यासारखं. त्यापुढे शु.

मुलगा उठला, भिंतीवरून हात फिरवला. "कुठला रंग हो हा?"

काकू (चार दिवस त्या भिंतीला शिव्या घालणाऱ्या) : "आमच्या शु.नेच निवडलाय. घटाच्या धानाचा!"

"मला फ्लॅटला हाच पाहिजे."

सगळे हसले. नाना हसले नाहीत, हे मी पाहिलं. मग काकूंनी मलाच पुढे बोलावलं, हाच आमचा पेंटर म्हणून. मुलगा म्हणाला, "दादा, झकास काम केलंत." अगदी मनापासून. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. एवढ्यातेवढ्यावरून मारामाऱ्या केल्यात मी. याला म्हणालो, "थँक्यू."

घोडी तिथेच विसरून आलो.

मंगळ. २६ ऑक्टो.

शु. सीबीएसच्या बस स्टँडवर भेटली. म्हणजे मी कॉलेज सुटायच्या वेळेला तिथे जाऊन उभा राहिलो.

होकार आलाय. नानांनी दिवाळीच्या पाडव्यापर्यंत वेळ मागून घेतलाय. का, ते घरात कुणालाच सांगितलं नाही.

मला राहवेना. म्हणालो, "त्या रंगाचं मला आधी माहीत होतं. ट्यूबखाली कसा दिसेल ते."

"मलाही."

"काय?"

"धान उपटून आरशासमोर धरून पाहिलं होतं मी. ट्यूब लावून. वेडी आहे का मी? कॉलेजात जाते, पण डोळे आहेत मला."

"मग?"

"मग काय मग! मला वाटलं, तू म्हणशील हा नको. मी म्हणेन, का नको? मला आजारी बघून ते नाही म्हणाले तर तुझं काय जातं? मग तरी बोलशील. तर तू म्हणालास, छान दिसेल. नक्की!"

मखमलाबादची बस लागली. पायरीवर चढली आणि वळून सगळ्यांसमोर म्हणाली, "जगाशी भांडतोस. माझ्या बापाशी भांड की एकदा."

कंडक्टर माझ्याकडे बघून हसला. त्यालाही काही बोललो नाही. मला काय झालंय?

गुरु. २८ ऑक्टो.

मामाने त्या पुण्याच्या मुलाच्या फ्लॅटचं काम घेतलं. दिवाळीनंतर. "हाताने कालवलेला रंग आहे, तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. तू येतोयस."

"नाही."

"मग नानांकडे जा आणि बोल. दोन्ही नाही असं चालत नाही."

आईसमोर बोलला. आईने पोळी लाटता लाटता एवढंच विचारलं, "जाशील, पण त्यांनी विचारलं मुलाचं काय, तर काय सांगशील?"

ताट सरकवलं. उठलो. गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, जाऊन बसलो. गढूळपणा जाऊन पाणी हिरवं व्हायला लागलंय. शु. असती तर म्हणाली असती, हा कुठल्या खोलीला? मी म्हणालो असतो, आपल्या. हे वाक्य बरं आहे. हे तिथे, नदीशी, आलं मला. तिच्यासमोर येत नाही.

काय सांगू नानांना? की तुमच्या मुलीला आवडणारा रंग मला जमतो? यावर घर चालतं का?

शनि. ३० ऑक्टो.

गेलो.

संध्याकाळ. नाना ओटीवर, समोर नमुना म्हणून तोडलेल्या दिवाळीच्या झेंडूची टोपली. घरात काकू नव्हत्या. शु. आत होती, बांगड्या वाजल्या. मला बघून थांबल्या.

वाटेत सगळं पाठ केलं होतं. नाना, मला तुमच्याशी बोलायचंय. मी परीक्षा देईन, बाहेरून देईन. एवढीच दोन वाक्यं.

"ये. काय काम काढलं?"

तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं, "मधल्या भिंतीचा दुसरा हात राहिलाय."

आत काहीतरी आपटलं. भांडं असेल.

नानांनी एक फूल उचललं, देठ खुडला, फूल टोपलीत टाकलं. घाई नाही त्या माणसाला.

"ऱ्हायलाय?"

"हो."

"बरं. मग सकाळी ये. शु. बी असल. मी बी हाये घरी, कुठं जात नाय." जरा थांबून, "एकटाच ये. मामाला नको आणू."

सायकल फाटकाबाहेर काढली. मग आठवलं.

दुसरा हात गेल्या आठवड्यातच, २१ तारखेला झाला. मी मारला तेव्हा नाना तिथेच होते. खुर्ची टाकून पूर्ण वेळ बसले होते, वाळेपर्यंत. वर म्हणाले होते, बास, आता हात नको लावू.

सकाळी ब्रश न्यायचा की नाही, तेच कळत नाही.